खडूच्या रेघांवर लढलेलं समुद्रयुद्ध

(सामुदायिक रेडिओच्या बचत गटांसाठीच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

भाकऱ्या झाल्या असतील, कुणाच्या अजून चुलीवर असतील. हात चालू राहू द्या, कान इकडे द्या.

आज मी तुम्हाला एका लांबच्या शहरात फिरवून आणणार आहे. शहराचं नाव लिव्हरपूल. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मर्सी नावाची नदी समुद्राला मिळते, तिथलं हे मोठं बंदर. आपण तिथं युद्धाच्या जागा बघायच्या आहेत. आता तुम्ही म्हणाल, युद्धाच्या जागा म्हणजे तोफा, तटबंदी, घोड्यावरचा पुतळा. शाळेच्या सहलीत पोरं बघतात, पुरुष फोटो काढतात, आणि आपण बाया सावली बघून डबे उघडतो. आपलं काय काम तिथं?

काम आहे. लिव्हरपूलमध्ये युद्धाची अशी एक जागा आहे, जिथं विशी-बाविशीच्या मुली जमिनीवर गुडघे टेकून खडूनं खेळ मांडायच्या. त्या खेळातून समुद्रावरच्या एका मोठ्या लढाईची युक्ती निघाली. त्यातल्या कुणीही कधी लढाऊ जहाज चालवलेलं नव्हतं. तो खेळ काय होता, त्यातून उत्तर कसं निघालं आणि आपल्याला त्यातून काय घेता येईल, हे आज नीट समजून घेऊ.

आधी पोटाचा प्रश्न

दुसरं महायुद्ध १९३९ ला सुरू झालं. ब्रिटन म्हणजे चहूबाजूंनी पाणी असलेलं बेट. तिथली माणसं जे खात होती, त्यातलं निम्म्याहून जास्त अन्न बाहेरून जहाजांनी यायचं. गहू, साखर, मांस, चहा, आणि गाड्या-विमानांसाठी तेल, सगळं समुद्रावरून. जर्मनीनं ठरवलं की ही जहाजंच बुडवायची. बेटाचा घास तोडला की बेट शरण येईल.

घास तोडायचं काम करत होत्या पाणबुड्या. रेशनकार्ड आपल्याला नवं नाही. तिथं ते जानेवारी १९४० मध्ये आलं. सुरुवातीला माणशी आठवड्याला साधारण ११३ ग्रॅम लोणी आणि ३४० ग्रॅम साखर. पुढे साखर २२५ ग्रॅमवर आली. अंडं आठवड्याला एक, तेही मिळालं तर. युद्ध १९४५ ला संपलं, पण रेशन पुरतं उठायला १९५४ उजाडलं. म्हणजे त्या घरातल्या बायकांनी चौदा वर्षं मोजूनमापून संसार केला. प्रत्येक बुडालेल्या जहाजाचा हिशेब शेवटी कुणाच्या तरी ताटात दिसत होता.

जहाजं एकेकटी गेली तर सहज सापडायची, म्हणून त्यांचा तांडा करायचे. तीस-चाळीस मालवाहू जहाजं रांगा धरून चालायची आणि भोवती पाच-सहा राखणदार लढाऊ जहाजं. गुराखी जसा कळपाच्या कडेनं फिरतो, तसं. तरीही जहाजं बुडतच होती. एकट्या १९४२ या वर्षात पाणबुड्यांनी जगभरात एक हजाराहून जास्त जहाजं बुडवली.

डर्बी हाऊसच्या वरचा मजला

लिव्हरपूलच्या टाऊन हॉलच्या मागं एक फरसबंद चौक आहे. त्याला लागून डर्बी हाऊस नावाची इमारत. १९४१ मध्ये अटलांटिक समुद्राच्या लढाईचं मुख्य ठाणं इथं आलं. तळघराला जाड काँक्रीटचं छत घातलेलं, बॉम्ब पडला तरी टिकेल असं. आणि बॉम्ब पडतही होते. मे १९४१ मध्ये आठवडाभर या शहरावर आणि आसपास जो मारा झाला, त्यात सुमारे सतराशे माणसं मेली.

आज त्या तळघरात संग्रहालय आहे. तिकीट काढून कुणालाही खाली जाता येतं. खाली एका दालनात भिंतभर समुद्राचा नकाशा आहे. नौदलाच्या मुली उंच शिडीवर चढून त्या नकाशावर जहाजांच्या खुणा सरकवायच्या. कुठला तांडा कुठवर आला, कुठलं जहाज गेलं, सगळं त्यांच्या हातानं हलायचं. रात्रपाळी, दिवसपाळी, सारखं चालू.

या मुली नौदलाच्या महिला शाखेच्या. त्यांना सगळे 'रेन' म्हणत. शाखेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं, आणि रेन हे तिकडच्या एका चिमुकल्या पक्ष्याचंही नाव आहे. आपल्याकडची वटवटी असते ना, तेवढासा पक्षी.

पण खेळाची जागा तळघरात नव्हती. ती होती सगळ्यात वरच्या मजल्यावर. जानेवारी १९४२ मध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाचा अधिकारी तिथं आला. क्षयरोग झाला म्हणून नौदलानं त्याला १९३८ मध्ये घरी बसवलं होतं. त्याला आता काम दिलं ते असं: पाणबुड्या नेमकं काय करतात ते शोध आणि त्यावर उपाय काढ. हाताखाली मोजकी माणसं, आणि बऱ्याचशा या रेन मुली. त्यात जीन लेडलॉ होती, हिशेबाचं शिक्षण घेतलेली, आकड्यांत पक्की. जॅनेट ओकेल होती, जेमतेम विशीची. पुढची तीन वर्षं धरली तर साठाहून जास्त मुलींनी तिथं काम केलं.

खेळ कसा मांडायचे

खोलीच्या मधोमध जमिनीवर मोठा पट. त्यावर चौकटी आखलेल्या. दहा इंच, म्हणजे वीतभराहून किंचित जास्त अंतर, हा समुद्रावरचा एक मैल धरायचा. लाकडाची छोटी जहाजं त्यावर रांगेत ठेवायची. हा झाला तांडा.

पटाच्या कडेनं कापडी पडदे उभे केलेले. पडद्यामागे एकेक खेळाडू. हे खेळाडू म्हणजे खऱ्या राखणदार जहाजांवरचे अधिकारी, शिकायला आलेले. पडद्याला छोटी फट. खऱ्या जहाजावरून रात्री जेवढं दिसेल, तेवढंच त्या फटीतून दिसायचं. सगळा पट कुणालाही दिसत नसे. पाणबुडी कुठे आहे हे तर मुळीच नाही.

खेळाडू कागदावर हुकूम लिहून द्यायचा: डावीकडे वळ, वेग वाढव, पाण्यात बॉम्ब टाक. दर डावाला दोन मिनिटं. रेन मुली ते कागद गोळा करायच्या, गुडघ्यावर बसून जहाजं सरकवायच्या आणि त्यांच्या वाटा खडूनं आखायच्या. राखणदारांची वाट पांढऱ्या खडूनं, पाणबुडीची हिरव्या खडूनं. हिरवी रेघ त्या गडद जमिनीवर फटीतून चटकन दिसत नसे, म्हणून तो रंग.

डाव संपला की पडदे बाजूला करायचे आणि सगळ्यांनी पटाभोवती जमायचं. मग खरा अभ्यास. तुला काय वाटलं होतं? खरं काय होतं? तू इकडे पळालास तेव्हा पाणबुडी कुठे होती? समुद्रावर चुकला असता तर शंभर माणसं गेली असती. इथं चुकला तर खडू पुसून परत मांडता येत होतं.

पाणबुडी होती कुठे?

आता मुख्य गोष्ट. समजा, रात्री तांड्यातल्या एका जहाजावर पाण्याखालून हल्ला झाला, मोठा स्फोट झाला. राखणदारांनी कुठे शोधायचं? त्यांची समजूत अशी होती की पाणबुडी तांड्याच्या बाहेर, लांब कुठेतरी असणार. म्हणून स्फोट झाला की ती जहाजं बाहेरच्या बाजूला धावायची, उजेडाचे गोळे उडवायची, बॉम्ब टाकायची. हाती काही लागायचं नाही.

रॉबर्ट्स आणि मुलींनी मागच्या एका खऱ्या हल्ल्याच्या नोंदी घेतल्या आणि तो जसाच्या तसा जमिनीवर मांडला. डिसेंबर १९४१ मध्ये जिब्राल्टरहून निघालेला तो तांडा होता. मांडल्यावर एक गोष्ट डोळ्यात भरली. बुडालेलं जहाज कडेचं नव्हतं, आतल्या भागातलं होतं. बाहेरून, लांबून मारा केला असता तर आधी कडेचं जहाज लागलं असतं. शिवाय त्या अस्त्राचा पल्ला आणि त्याचा नेम बघता, नीट मारा करायचा तर जवळ यायलाच हवं.

मग पाणबुडी जवळ आली कशी? एकेक शक्यता मांडून बघितली. पुढून आली तर दिसते. बाजूनं आली तर राखणदार आहेत. उरली मागची बाजू. तांड्याच्या मागं फारसं कुणी बघत नव्हतं. आणि राखणदारांकडे पाण्याखाली आवाज सोडून, त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी हुडकायचं यंत्र होतं, पण पाणबुडी पाण्यावर तरंगत असली तर त्या यंत्राला ती सापडत नसे. रात्री पाण्यावरून चालताना पाणबुडीचा वेग तांड्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. म्हणजे ती अंधारात, पाण्यावर तरंगत, मागून येऊन सरळ रांगांच्या आत शिरत होती. मारा करायची, बुडी मारायची, आणि तांडा डोक्यावरून पुढे निघून जाईपर्यंत खाली गुपचूप थांबायची. राखणदार बाहेर धावताहेत आणि चोर घरातच बसलाय!

एकदा हे कळल्यावर उपाय सोपा झाला. स्फोट झाला की बाहेर धावायचं नाही. राखणदारांनी ठरलेल्या जागा घेऊन तांड्याच्या मागच्या बाजूला यायचं, एका ओळीत, आणि शेत निंदावं तसं ते पाणी यंत्रानं चाळत जायचं. पाणबुडी खाली तिथंच असणार. मुलींनी हे पुन्हापुन्हा खेळून बघितलं. ठाण्याचे मुख्य अधिकारी ॲडमिरल पर्सी नोबल यांना हा सगळा प्रकार आधी पटत नव्हता. पण त्यांनी खेळ डोळ्यांनी बघितला आणि त्यांचं मत फिरलं. या युक्तीला नाव दिलं ते जीन लेडलॉनं: रासबेरी. रासबेरी हे तिकडचं एक फळ, आणि तिकडच्या बोलीत तोंडानं फुर्रर्र करून एखाद्याला खिजवण्यालाही तेच म्हणतात. हिटलरला खिजवलं, असा त्या नावाचा अर्थ.

नोबल यांच्या जागी पुढं मॅक्स हॉर्टन आले. ते स्वतः पहिल्या महायुद्धातले नावाजलेले पाणबुडीवाले. ते एकदा खेळात पाणबुडीच्या बाजूनं बसले. समोर पडद्याआड राखणदारांचं काम जॅनेट ओकेलकडं. हॉर्टन पाच डाव खेळले आणि पाचही हरले, असं सांगतात. समोर कोण होतं हे कळल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला असेल, ते तुम्हीच ताडा.

एकट्या खेळानं लढाई जिंकली का?

नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर गोष्टीची भाकडकथा होते. लांब पल्ल्याची विमानं आली, रडार सुधारलं, राखणदार जहाजं वाढली. जर्मनांचे गुप्त संदेश उलगडणारं ब्लेचली पार्क नावाचं केंद्र होतं, आणि तिथंही काम करणाऱ्यांत बहुसंख्य बायकाच होत्या. सगळं मिळून पारडं फिरलं. पण खेळाचा वाटा मोठा होता, कारण ही साधनं कशी वापरायची ते हजारो अधिकारी त्या जमिनीवर शिकून गेले. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच हजार.

एप्रिल-मे १९४३ मध्ये चाळीसेक जहाजांचा एक तांडा ब्रिटनहून अमेरिकेकडे निघाला. त्याच्यावर पाणबुड्यांचा मोठा थवा तुटून पडला. तांड्याची तेरा जहाजं बुडाली. पण निदान सहा पाणबुड्याही बुडाल्या. त्या मे महिन्यात जर्मनीच्या चाळीसच्या वर पाणबुड्या गेल्या आणि महिना संपायच्या आत त्यांच्या सेनापतीनं उत्तर अटलांटिकमधून त्या मागं बोलावल्या.

इथं क्षणभर थांबूया. एका पाणबुडीत चाळीस-पन्नास पोरं असायची. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे चाळीस हजारांपैकी तीन चतुर्थांश परत आले नाहीत. पटावर हिरवी रेघ संपली म्हणजे समुद्राखाली एवढी माणसं संपली. त्या मुलींनाही हे ठाऊक होतं. त्यांच्याकडे आठवडाभर शिकून गेलेला हसरा अधिकारी पुढच्या महिन्यात बुडाल्याची बातमी नकाशावर त्यांनाच लावावी लागायची. खेळ होता, पण पोरखेळ नव्हता.

त्या जहाजांवर आपलीही माणसं होती

लिव्हरपूलमध्ये नदीकाठी पियर हेड नावाचा धक्का आहे. तिथं खलाशांची स्मारकं आहेत, आणि पाणबुड्यांशी लढलेल्या कॅप्टन वॉकरचा पुतळाही. तिथं उभं राहिलं की आपण आपल्या माणसांची आठवण काढायची. कारण त्या काळात ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा साधारण दर चौथा खलाशी हिंदी होता. त्यात रत्नागिरीकडचे होते, गोव्याचे होते, गुजरातचे, पंजाबचे, सिल्हेटचे होते. कुणी डेकवर, कुणी स्वयंपाकघरात, कुणी खाली भट्टीत कोळसा टाकणारे. जहाजाला भोक पडलं की भट्टीवाल्यांना वर यायला वेळच मिळत नसे. पगार मात्र गोऱ्या खलाशांपेक्षा कितीतरी कमी. युद्ध सुरू झालं त्याच वर्षी या खलाशांनी पगारासाठी संपही केला होता.

त्या युद्धात सहा हजारांहून जास्त हिंदी खलाशी गेले. त्यांच्या नावांचं पुस्तक मुंबईत खलाशांच्या विश्रामगृहात ठेवलेलं आहे, कारण समुद्रात गेलेल्याला थडगं नसतं. ज्यांच्या घरी निरोपच आला, त्या घरातल्या बायकांनी पुढं काय केलं, ते मात्र कुठल्या पुस्तकात नाही. कोकणातल्या मैत्रिणींनो, तुमच्या घराण्यात कुणी 'आगबोटीवर' गेलेला पणजोबा असेल, तर आजीला विचारून ठेवा. आजी आहे तोवरच.

आणखी एक कडू गोष्ट. त्याच १९४३ साली बंगालात दुष्काळ पडला. अंदाजे तीस लाख माणसं मेली. धान्य आणायला पुरेशी जहाजं हिंदुस्थानाला मिळाली नाहीत. जहाजं वाचवायची युक्ती लिव्हरपूलच्या मुलींनी शोधली, पण वाचलेलं जहाज कुणाच्या ताटाकडे वळवायचं, हे ठरवणारे वेगळेच होते. म्हणून कुठलाही हिशेब मांडताना विचारायचं: पटावर कोण आहे, आणि कोण पटाबाहेरच राहिलंय?

हिंदी मुलीही नौदलाच्या कामात होत्या. १९४४ मध्ये इथंही महिला शाखा उभी राहिली. तिच्यातल्या अधिकारी कल्याणी सेन १९४५ मध्ये ब्रिटनला गेल्या आणि तिथल्या रेन मुलींचं काम, त्यांचं प्रशिक्षण बघून आल्या. साडीतला त्यांचा फोटो आजही बघायला मिळतो.

युद्ध संपलं आणि डर्बी हाऊसची ती खोली बंद झाली. मुलींनी गुप्ततेची शपथ घेतलेली. त्या घरी गेल्या, लग्नं झाली, कामाला लागल्या. शेजारणीलासुद्धा कळलं नाही की ही बाई ॲडमिरलशी पाणबुडीचा डाव खेळत होती. लोकांपर्यंत त्यांची नावं पोचायला कित्येक दशकं गेली. तोवर बहुतेक जणी या जगात नव्हत्या.

असे खेळ खेळणारे कोण असतात?

युद्धाचे खेळ जुनेच आहेत. आपलं बुद्धिबळ मूळचं चतुरंग: हत्ती, घोडे, रथ, पायदळ. १८२४ मध्ये प्रशिया देशाच्या सैन्यानं नकाशा, सोंगट्या आणि पंच घेऊन अधिकाऱ्यांना शिकवायचा खेळ स्वीकारला. पुढं १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या लेखकानं खेळण्यातल्या शिपायांनी लढाई खेळायचे नियम पुस्तकात छापले. तेव्हापासून हा शौकही झाला. आज किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरांतून, जिथं जुनं बंदर किंवा किल्ला आहे तिथं, असे शौकीन हमखास सापडतात. रविवारी एखाद्या हॉलमध्ये टेबलं जोडून नकाशा पसरतात आणि जुन्या लढाया पुन्हा मांडतात: इकडून गेले असते तर? वारा उलटा असता तर? डर्बी हाऊसचा खेळही अभ्यासकांनी अलीकडे पुन्हा खेळून बघितला आहे.

आणि आपल्या घरातले शौकीन विसरू नका. दिवाळीत अंगणात माती कालवून किल्ला करणारी पोरं आणखी काय करतात? दरवाजा कुठे ठेवायचा, पाण्याचं टाकं कुठे, चोरवाट कुठून, यावर त्यांची भांडणं होतात. तीच युद्धखेळाची सुरुवात. फक्त तो किल्ला 'मुलग्यांचा' असं धरून मुलीला रांगोळीला पाठवू नका. दोन्ही दोघांनी करावं.

आपल्या अंगणात हा खेळ

आता गटाच्या बैठकीत हा खेळ मांडायचा कसा, ते सांगते. खर्च काही नाही.

खडूनं किंवा रांगोळीनं जमिनीवर चौकटी आखा, दहा आडव्या, दहा उभ्या. बारा चिंचोके तीन रांगांत ठेवा, ती मालाची जहाजं. तीन कवड्या म्हणजे राखणदार. एक बटण म्हणजे पाणबुडी. एक जण पंच. पाणबुडीवालीला आणि तिन्ही राखणदारांना वेगवेगळं, साडीच्या पडद्याआड बसवा. प्रत्येकीकडे पाटी. दर डावाला प्रत्येकीनं आपली चाल पाटीवर लिहायची, पंचानं सोंगट्या सरकवायच्या. तांडा एक घर पुढे जातो. राखणदार दोन घरं. पाणबुडी वर असेल तर दोन घरं, बुडी मारली तर जागच्या जागी. प्रत्येकीला फक्त आपल्या शेजारच्या घरांत काय आहे तेवढंच पंच कानात सांगेल. शेजारच्या घरातलं जहाज पाणबुडी बुडवू शकते. बुडी मारलेली पाणबुडी राखणदाराच्या शेजारी आली की सापडली. दहा डाव झाले की पडदा काढा आणि बोला: कुणाला काय वाटलं, खरं काय होतं.

एकदा हात बसला की पाणबुडी सोडून द्या आणि आपला खरा प्रश्न मांडा. समजा, पावसाळ्याची रात्र आहे, ओढ्याला पूर आलाय, वस्तीवरच्या सुनेला कळा सुरू झाल्यात. जमिनीवर गावाचा नकाशा काढा. गाडी कुणाकडे आहे? फोन कुठून लागतो? पूल गेला तर दुसरी वाट कुठली? आशाताई कुणाच्या घरी निरोप देणार? एकीनं अडचणी टाकायच्या: गाडीवाला गावी गेला, वीज गेली, वाटेत झाड पडलं. बाकीच्यांनी दर डावाला दोन मिनिटांत चाल सांगायची. कुठे अडतंय ते आज जमिनीवर दिसेल. खऱ्या रात्री दिसून उपयोग नाही.

खेळताना एक पथ्य पाळा. सगळ्यात धाकटी सून काय म्हणते ते आधी ऐका, मग सरपंचबाईंनी बोलायचं. डर्बी हाऊसमध्ये विशीच्या मुलीनं सांगितलेलं ॲडमिरलनं ऐकलं, तेव्हा कुठे चोर घरात बसलाय हे कळलं.

शेवटी, सहलीला जाल तेव्हासाठी. अलिबागचा कुलाबा किल्ला असो, वसईचा असो, किंवा तालुक्याच्या गावातलं हुतात्मा स्मारक असो. डबे उघडण्याआधी गटानं तीन प्रश्न विचारायचे. इथल्या माणसांना खायला कोण घालत होतं आणि धान्य कुठून यायचं? पाणी कुणी भरलं? आणि कुणाची नावं दगडावर आहेत, कुणाची नाहीत? समुद्रातल्या किल्ल्याला जाणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ तिथल्या कोळणींना विचारूनच पाण्यात पाय टाका. त्यांच्याइतकी समुद्राची पक्की माहिती तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही.

तुमच्या गटानं खेळ मांडला, तर नकाशावर काय सापडलं ते केंद्रावर कळवा. आशाताईचा निरोप कुठे अडला, पुलाला दुसरी वाट निघाली की नाही, हे एका गावानं सांगितलं तर ते चार गावांच्या कामी येईल. येते मी. नमस्कार.